खुनी कोण, हा प्रश्नच नाही

एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथांवर जर्मनीत रिआल्टो कंपनीने 1959 ते 1972 या काळात 32 चित्रपट काढले. मी ते पुन्हा पुन्हा बघते. त्यामुळे एक प्रश्न ठरलेला: "अगं, सगळ्यांत तेच ते असतं, कंटाळा कसा येत नाही?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

तेच ते असतं, यात वादच नाही. धुकं, थेम्स, तोंड झाकलेला खुनी, बक्कळ वारसा मिळणार असलेली देखणी मुलगी आणि तिच्यावर भाळणारा स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर. क्लाउस किन्स्की हा नट दिसला की संशय त्याच्यावर. बिचारा बहुधा मध्येच मरतो. विनोदी नट एडी आरेंट असला की हसायचं. लंडन तर नावापुरतंच. मालिकेतला पहिला चित्रपट कोपनहेगनमध्ये झाला, पुढचे बरेचसे हॅम्बर्ग आणि बर्लिनमध्ये. अधूनमधून बिग बेनची दृश्यं डकवली, धूर सोडला, की झालं लंडन!

पण साचा इतका पक्का असला की दिग्दर्शकाला गोष्ट समजावत बसावं लागत नाही. तो मोकळा होतो. आल्फ्रेड फोरर हा त्यातला सगळ्यात खोडकर. 1961 चा त्याचा 'डी टोटेन आउगेन फॉन लोंडोन' (लंडनचे मृत डोळे) घ्या. धुक्याच्या रात्री थेम्समध्ये विमा उतरवलेल्या श्रीमंत म्हाताऱ्यांची प्रेतं सापडतात आणि माग अंध फेरीवाल्यांच्या टोळीकडे जातो. त्यात एक माणूस पाण्याच्या फवाऱ्याने दात धुतो. साधा प्रसंग, पण कॅमेरा कुठे? त्याच्या तोंडाच्या आत! समोर दातांची रांग आणि त्या फटीतून बाहेरची खोली. कथेला या दृश्याचा काडीचा उपयोग नाही. फोररला करावंसं वाटलं, त्याने केलं. खुनी कोण हे मला कधीच आठवत नाही, पण ते दात आठवतात.

पुढे तर सुरुवातीलाच बंदुकीचे बार उडायचे, पडद्यावर रक्ताचे शिंतोडे यायचे आणि आवाज यायचा, "हॅलो, एडगर वॉलेस बोलतोय." मूळ लेखक 1932 सालीच वारलेला! कित्येक चित्रपट कृष्णधवल, पण नामावली मात्र रंगीत. प्रेक्षकाला आधीच डोळा मारलेला असतो. मग त्यानेही फार गंभीर होऊ नये.

सगळेच चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. 1966 पासून मालिका रंगीत झाली आणि माझ्या मते तिथेच निम्मी मजा गेली. रंगात धुकं नुसता धूर दिसतो. शेवटी शेवटी इटालियन भागीदारीत काढलेले तर मी एकदा बघून सोडून दिले.

"मग सुरुवात कुठून करू?" हाही प्रश्न असतोच. वर सांगितलेल्या फोररच्या चित्रपटापासून करा आणि सालवारीनेच पुढे जा. कारण 1965 च्या एका चित्रपटात खुनी निघतो तो खुद्द एडी आरेंट, इतकी वर्षं फक्त हसवणारा. नाव मुद्दाम सांगत नाही. मात्र तो पहिलाच बघितलात, तर त्यात दचकण्यासारखं काय आहे हेच तुम्हाला कळणार नाही.