पाणी आलं तर वर नेता येईल असा डबा

८ जून

प्लायच्या दोन शीट आज घरी आल्या. आठ बाय चार, १८ एमएम, ७१० चा मरीन प्लाय. दुकानदाराने आधी एमडीएफच दाखवला होता, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. स्वस्त पडतो, कडा गुळगुळीत निघतात, आणि घरी व्हिडिओ गेमचा डबा करणारे बरेच जण तोच घेतात. पण मी सांगलीत गावभागात राहतो. खालच्या खोलीच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीच्या वर. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती.

"दादा, पाण्यात राहिला तरी थर सुटणार नाहीत असा द्या," म्हटलं.

"किचन करताय?"

"नाही, व्हिडिओ गेम करतोय. रुपया टाकून खेळायचा, उभ्याने."

त्याचा चेहरा एकदम खुलला. "मुस्तफा?" म्हणाला. मग बिल राहिलं बाजूला आणि दहा मिनिटं आम्ही गप्पा मारत उभे. त्याने शीट छोटा हत्तीत स्वतः हात लावून चढवल्या.

९ जून

काल रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहून ठेवतो.

आमच्या बोळातलं पार्लर म्हणजे दहा बाय बाराची खोली, बाहेर पत्र्याचं शटर, आत चार डबे. मी पाचवी-सहावीत असेन. दह्याला दिलेल्या पैशांतून रुपया वाचवायचा आणि पळत जायचं. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', जपानच्या कॅपकॉमने १९९३ ला काढलेला. ते नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातल्या चौघांपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, म्हणून गेमच मुस्तफा. तिघांना एकदम खेळता यायचं. तीन पोरं खांद्याला खांदा लावून उभी, आणि ज्यांच्याकडे रुपया नाही ती मागे. मी बहुतेक वेळा मागेच. "वर सरक, वर! मटण उचल, तुझी लाईफ संपली!" असं ओरडायचा हक्क मात्र मागच्यांनाही पूर्ण होता. आज इतक्या वर्षांनी मला स्वतः खेळलेलं कमी आठवतं आणि कुणाच्या तरी खांद्यावरून बघितलेलं जास्त.

२००५ च्या पुरानंतर मी त्या बोळात गेलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. पार्लर तोवर जवळपास बंदच पडलं होतं. काकांनी चारही डबे उन्हात काढून ठेवले होते. त्या डब्यांच्या बाजू भुसा दाबून केलेल्या फळीच्या. चहात बुडवलेली खारी फुगते तशा त्या फुगल्या होत्या, रंगाचे पापुद्रे निघाले होते. काकांनी एक बटण दाबलं. ते आत गेलं आणि वर आलंच नाही. त्यांनी अजून एक दाबलं. मग फडकं घेऊन ते काच पुसत बसले. मी काही बोललो नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं.

म्हणून माझ्या डब्याची पहिली अट ठरली आहे: पाणी आलं तर दोन माणसांनी तो जिन्याने वर नेता आला पाहिजे.

१५ जून

सुतारमामांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "ह्ये देवघर हाय का टीव्हीचं कपाट?" समजावून सांगितलं. दोन भाग: खाली रिकामी पेटी, वर पडदा आणि बटणांची फळी. मध्ये दहा एमएमचे चार बोल्ट, पान्याशिवाय हाताने फिरवता येतील असे. मामांनी गुण्या लावून जिना मोजला, वळणावर अडीच फूट. "डब्याची खोली दोन फुटाच्या आत ठिवा, न्हाईतर वळणार न्हाई." आमच्या घराचा जिना माझ्यापेक्षा त्यांना लवकर कळला.

रुंदी २८ इंच ठरवली. नकाशांत बऱ्याचदा २४ च्या आसपास दिसते. पण दोघांची कोपरं एकमेकांना लागली की खेळ खेळणं राहतं आणि ढकलाढकली सुरू होते. शिवाय मागे उभं राहणाऱ्याला मधून दिसायला हवं. फळीची उंची ३८ इंच. माझ्या मुलीला ती गळ्याशी येते, तिला आईचा चौरंग देणार.

२२ जून

आज बटणांची जागा. हे काम मी घाईत करणार नव्हतो आणि केलं नाही.

पुठ्ठ्यावर बाटल्यांची बुचं मांडली. वर तीन, खाली तीन. सरळ ओळीत ठेवली तर मधलं बोट अवघडतं, कारण ते लांब आहे. म्हणून मधलं बूच अर्धा इंच वर, करंगळीकडचं थोडं खाली, अशी कमान केली. मुस्तफाला दोनच बटणं लागायची, एक मारायचं आणि एक उडीचं. सहा बटणं रूढ झाली १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मुळे, तीन ठोसे आणि तीन लाथा. मी, बायको, धाकटा भाऊ आणि मुलगी, चौघांनी डोळे मिटून हात ठेवून बघितला. ज्याचं बोट चुकलं त्याच्यासाठी बूच सरकवलं. तीन तास गेले. शेवटी खिळ्याने मध्यबिंदू ठोकले आणि ३० एमएमच्या होल सॉने भोकं पाडली. स्टार्टच्या बटणांना २४ एमएम. मागच्या बाजूने आधारपट्टी धरली नाही तर प्लायचा शेवटचा थर फाटतो, मामांनी ते पहिल्याच भोकाला सांगितलं.

२९ जून

पाऊस. फेव्हिकॉल सुकत नाही. काही नाही.

६ जुलै

वायरिंग. एन्कोडर म्हणजे तळहाताएवढी पट्टी. बटण दाबलं की ती संगणकाला यूएसबीतून कळवते, कीबोर्डने सांगावं तसं. प्रत्येक बटणाला दोन वायरी. एक आपापली, आणि दुसरी ग्राउंडची, जी एका बटणावरून दुसऱ्यावर माळेसारखी ओवत न्यायची. संध्याकाळी चालू केलं तर डावीकडची सगळी बटणं जिवंत, उजवीकडची सगळी मेलेली. पट्टीच खराब आली असं समजून तासभर वाया घालवला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, माळ तुटली तर पुढचे मणी पडतात ना?" सातव्या बटणाची क्लिप वायरवर नीट दाबलेली नव्हती. प्लासने आवळली, उजवी बाजू उठली.

दांड्याचंही, म्हणजे जॉयस्टिकचंही, लिहायला हवं. गोळा बसवलेल्या दांड्याखाली चार मायक्रोस्विच असतात, चार दिशांना. त्यांचा तो 'कट्' आवाज ऐकला आणि पार्लरची खोली समोर आली. मारामारीच्या गेमला तिरपी दिशा लागते, दोन स्विच एकदम दाबले जातात. १९८० च्या पॅक-मॅनला मात्र चारच दिशा. आठ दिशांच्या दांड्याने तो खेळलं की वळणावर बोट तिरपं जातं आणि पॅक-मॅन भिंतीला अडकून राहतो. मी घेतलेल्या दांड्याखालची चौकोनी पट्टी काढून ४५ अंशांत फिरवून बसवली की तो चार दिशांचा होतो. डाव्या बाजूला चार दिशांचाच ठेवला, कारण आईला पॅक-मॅनच आवडतो. ती त्याला 'गिळणारा' म्हणते.

पडदा ऑफिसात बाद झालेला १९ इंची चौकोनी मॉनिटर आहे. जुन्या काचेच्या टीव्हीचं चित्र खरं त्या काळातलं दिसतं, हे मला पटतं. पण त्याच्या नळीत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात. पोरं मागचं झाकण उघडणार, हे मला माहीत आहे.

१३ जुलै

आत कुठले गेम घालायचे यावर भावाशी वाद झाला. तो म्हणाला, "दादा, सगळे फुकट उतरवून देतो, हजार-दीड हजार." मला ते नको. ज्यांनी रात्री जागून ते डायनासोर ठिपक्या-ठिपक्यांनी काढले, त्यांचं काम असं उचलून आणायचं नाही. मेम नावाचा प्रोग्रॅम १९९७ पासून जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करतो, तो वापरायला हरकत काहीच नाही. पण त्यात घालायचा गेम आपला हवा, किंवा मालकाने मोकळा केलेला, जसा १९८१ चा रॉबी रोटो. म्हणून पॅक-मॅन विकत घेतला, आणि कॅपकॉमने २०१८ ला काढलेला सात गेमचा संच घेतला. त्यात फायनल फाईट आहे, कॅप्टन कमांडो आहे. मुस्तफा नाही. तो गेम दुसऱ्याच्या कॉमिकवरून केलेला, आणि घरी खेळण्यासाठी तो आजवर निघालेलाच नाही. ज्याच्यासाठी हा डबा करायला घेतला, तोच त्यात नसणार. वाईट वाटलं, फार वाटलं. भाऊही गप्प झाला. मग म्हणाला, "कॅप्टन कमांडोच्या वेळी तू मागे उभा राहून मला शिव्या द्यायचास, आठवतं?" आठवतं.

२० जुलै

नाण्याची पेटी बसली. यंत्रात एक नमुन्याचं नाणं कायमचं अडकवून ठेवायचं. वरून पडलेलं नाणं त्या नमुन्याशी जुळलं तरच आत, नाहीतर खाली परत. नाणं आत गेलं की एन्कोडरला वाटतं, एक बटण दाबलं. पण आपला रुपया एक आहे कुठे? १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ एमएमचा होता, २०११ नंतरचा त्याहून लहान. मी मोठाच धरला. आईने देवघरातला, पोळ्याच्या डब्यातला, शिवणाच्या पेटीतला मिळून असे एकेचाळीस रुपये जमवून दिले. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. खेळायचं, पेटी उघडायची, परत डब्यात टाकायचे.

वरची पाटी पेंटरकडून हाताने रंगवून घेतली. पिवळ्यावर लाल, 'एक रुपया'. मागे एलईडीची पट्टी. पेंटरने पैसे घेतले, पण एक गेम खेळून गेले.

२६ जुलै

कोयनेचे वक्र दरवाजे उचलल्याचा मेसेज सकाळी आला. दुपारी आयर्विनला ३६ फूट, संध्याकाळी ३८. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आमच्या घरात अजून काही नाही, पण आम्ही धोक्याची वाट बघत बसत नाही. आधी धान्य, मग आईची औषधं आणि कागदपत्रं, मग गॅस.

रात्री नऊला भाऊ म्हणाला, "चल, आता तो."

चार बोल्ट हातानेच सुटले. मधली एक यूएसबी, एक प्लग, दोन वायरी काढल्या. वरचा भाग दोघांनी उचलला. जिन्याच्या वळणावर मामांचा हिशोब बरोबर निघाला, भिंत आणि फळीमध्ये दोन बोटं जागा राहिली. खालची पेटी मात्र अडली. तिच्या मागे मी नंतर एक हवेची जाळी ठोकली होती, ती मोजलीच नव्हती. स्क्रू काढले, जाळी काढली, पेटी वळली. घामाने दोघे भिजलो. आई वर टॉर्च धरून उभी, "सावकाश रे, भिंत सोलवटेल," म्हणत होती.

वरच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांना टेकून डबा उभा केला. खालच्या बोळातली दोन घरं आमच्याकडे वर राहायला आली आहेत, त्यांची तीन पोरं गोधडीतून डोळे काढून बघत होती. मी शेवटचा बोल्ट आवळत होतो तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, रुपयांचा डबा?"

तो खालीच राहिला होता, खिडकीत. मी टॉर्च घेऊन परत खाली उतरलो.