दापोलीच्या दाराचा पंचनामा

मार्चमध्ये दापोलीकडून एका घरमालकांचा फोन आला. त्यांना पॉलिशवाला नको होता, पंच हवा होता. सागाचं नवंकोरं दार दोन पावसाळ्यांत बाहेरून सोलून निघालं होतं. मालक म्हणत होते, माल डुप्लिकेट वापरला. पॉलिशवाला म्हणत होता, लाकूड ओलं होतं. सुतार म्हणत होता, माझ्या लाकडाला नावं ठेवायची नाहीत. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे चूक आपली नाही. मी पुण्यात लाकडाच्या पॉलिशची कामं घेतो, आणि या तिघांपैकी कोणाचाच माणूस नसल्यामुळे मला बोलावणं आलं. जाण्यायेण्याचा खर्च मालकांचा, निकाल सगळ्यांना मान्य, असं आधी कबूल करून घेतलं आणि मग निघालो.

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, आणि दर्शनी दार पश्चिमेला. समुद्र दिसावा म्हणून घरच तसं फिरवलेलं. पडवी घेतली नव्हती, कारण पडवीमुळे दार झाकलं जातं असं मालकांना वाटलं होतं. दारावर हातभर छज्जा होता, तोही नावापुरता. मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि दारावर तळवा टेकवून ठेवणं कठीण होतं.

बाहेरची बाजू बघवत नव्हती. मधल्या पॅनलवर पॉलिशचे पापुद्रे उभे राहिले होते, बोट लावलं की कडाकड तुटत होते. खाली लाकूड राखाडी. जिथे पापुद्रा अजून चिकटून होता तिथे आत हवा शिरून पांढुरके डाग पडले होते. सगळ्यात खालच्या आडव्या पट्टीवर तर काळी बुरशी.

मालकांनी लगेच डबा आणून पुढ्यात ठेवला. शिल्लक माल त्यांनी जपून ठेवला होता, भांडणासाठीच. टू-पॅक पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचं पॉलीयुरेथेन पॉलिश, चकचकीत, पूर्ण पारदर्शक. डब्यावर बाहेरच्या लाकडासाठी चालेल असं छापलेलं. माल खरा होता, सील आणि बॅच नंबर जागच्या जागी. तरीही डब्यावरून निकाल द्यायची मला सवय नाही. मी म्हटलं, आधी दार उघडा.

दार आत उघडलं आणि आतली बाजू समोर आली. आरसा! सोनेरी साग, एक रेघ नाही, एक फोड नाही.

मी पॉलिशवाल्याला विचारलं, "दोन्ही बाजू एकाच डब्यातून मारल्या?"

"हो दादा. त्याच दिवशी, त्याच गनने. आत चार हात, बाहेर पाच."

म्हणजे लाकूड तेच, माल तोच, हात तोच, आणि बाहेर उलट एक हात जास्त. लाकूड ओलं असतं तर आतली बाजूही उठली असती. माल खोटा असता तर आतही गेला असता. तरी समाधानासाठी लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर लावला. तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास काटा थांबला. कोकणातल्या हवेत याहून कोरडं लाकूड मागणं म्हणजे हट्ट. सुताराचा चेहरा तेवढ्यात उजळला.

दाराच्या मधोमध पितळी नावाची पाटी होती. ती काढायला सांगितली. मालकांना वाटलं मी उगाच खेळ करतोय, पण चार स्क्रू निघाले आणि पाटीमागचा चौकोन दिसला. ऐन उन्हातल्या पॅनलच्या मध्यावर, आजूबाजूला सगळं सोललेलं, आणि तेवढ्या चौकोनात पॉलिश शाबूत, लाकूड आतल्या बाजूसारखंच सोनेरी. खारा वारा तिथेही पोचत होता, दमटपणाही होता. पोचलं नव्हतं ते फक्त ऊन. मग वरच्या पॅनलकडे बोट दाखवलं. छज्जाची सावली जिथवर पडत होती तिथवर पॉलिश चांगलं होतं, आणि त्याची खालची सीमा जवळजवळ सरळ रेषेत होती.

पण सगळ्यात महत्त्वाचा पुरावा माझ्या तळहातावर मावत होता. मी एक मोठा पापुद्रा अलगद काढला, उलटा केला आणि भिंगाखाली धरला. वरची बाजू अजून काचेसारखी, पीयूला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मागच्या बाजूला मात्र लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले होते, पिंजलेल्या कापसासारखे. मी भिंग तिघांना आळीपाळीने दिलं. पॉलिश लाकडाला शेवटपर्यंत धरून होतं. सुटलं होतं ते लाकूडच, लाकडापासून.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. लाकडाचे तंतू एकमेकांना बांधून ठेवतं ते लिग्निन, आणि अतिनील किरणं नेमकी तेच फोडतात. ही किरणं लाकडात फार खोल जात नाहीत, साधारण केसाच्या जाडीइतकी. पण पॉलिशची सगळी पकड असते ती त्याच थरावर. पारदर्शक पीयूमधून आपल्याला लाकडाचे रेषे दिसतात, म्हणजे उजेड आरपार जातो, आणि उजेडाबरोबर अतिनीलचाही बराच भाग जातो. वरचा थर ठणठणीत राहतो आणि त्याच्या खालची जमीन भुसभुशीत होते. मग पहिल्या पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, आणि कडक पीयूला ती हालचाल झेपत नाही. एकदा सांध्यावर बारीक चीर पडली की पाणी आत जातं आणि वाळायला बाहेर येऊ शकत नाही. पुढचं काम बुरशी करते.

पीयू खरा असो, परदेशी असो, सात हात मारा, पश्चिमेच्या उघड्या दारावर नुसतं पारदर्शक पॉलिश फार तर थोडं जास्त टिकतं. मालात अतिनील शोषणारी द्रव्यं घालतात, त्याने आयुष्य वाढतं यात शंका नाही, पण तीही उन्हात हळूहळू खर्ची पडतात. ऊन अडवायचं तर रंगाचे कण लागतात. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण मिळतात, लाल, पिवळे. ते घातलेला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, लाकडाचे रेषे झाकत नाही, पण अतिनील बरंच अडवतो. मग लाकूड थोडं तांबूस दिसतं. तेवढी किंमत द्यावी लागते.

मी हे सांगत असताना पॉलिशवाल्याने खिशातून फोन काढला. बराच वेळ स्क्रोल करत दोन वर्षांपूर्वीच्या गप्पांपर्यंत पोचला आणि फोन माझ्या हातात दिला. प्लायच्या तुकड्यावर दोन नमुने, एक पारदर्शक, एक किंचित तांबूस. त्याखाली त्याचा मेसेज, "साहेब बाहेर दुसरा मारू, टिकेल." आणि मालकांचं उत्तर, "नको, लालसर वाटतं. नॅचरलच हवं. ग्लॉसी."

मालकांनी ते वाचलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "पण टिकणार नाही असं तुम्ही ठासून सांगायला हवं होतं ना?" हा प्रश्न अगदीच गैर नव्हता. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक "नॅचरल" म्हणालं की आम्ही मान डोलावतो, कारण वाद घातला तर काम शेजारच्याकडे जातं.

पॉलिशवाला सुटला असं मात्र नाही. खालच्या पट्टीवरची बुरशी मला खटकत होती. उन्हाने सोललेलं आणि पाण्याने कुजायला लागलेलं यांत फरक असतो. मी मोबाइलचा कॅमेरा उंबऱ्याजवळ आडवा धरून दाराच्या खालच्या कडेचा फोटो घेतला. कोरं लाकूड! एकही हात नाही. दार बिजागऱ्यांवर चढवल्यावर जागेवरच पॉलिश केलं होतं, आणि खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून तशीच राहिली होती. उभ्या पट्ट्यांची कापलेली तोंडं नेमकी तिथेच खाली उघडी असतात, आणि लाकूड पाणी पितं ते सगळ्यात जास्त त्याच तोंडांनी. पावसाळ्यात उंबऱ्यावर आपटणारं पाणी दोन वर्षं तिथून वर चढत होतं. मी फोटो दाखवल्यावर पॉलिशवाला म्हणाला, "दादा, खालची कड कोण मारतं?" खरं आहे, फार कोणी मारत नाही. मी बघितलेल्या कुजक्या दारांपैकी बहुतेक तिथूनच कुजायला सुरुवात झालेली असतात.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. दार एप्रिलमध्ये बसवलं होतं आणि पॉलिशला मे अखेर उजाडली, कारण माणसं मिळत नव्हती. म्हणजे महिनाभर कोरं लाकूड पश्चिमेच्या उन्हात उभं. अमेरिकेत मॅडिसनला १९१० पासून चालू असलेल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने हे तपासलेलं आहे. रंग लावण्याआधी कोरं लाकूड काही आठवडे जरी उन्हात राहिलं तरी पुढे रंगाची पकड कमी होते. डोळ्याला दार तसंच दिसतं, म्हणून कोणी घासायच्या भानगडीत पडत नाही. यात दोष कोणाचा, ते मी ठरवलं नाही.

एव्हाना गावातले दोघे-तिघे जमले होते. त्यातले एक म्हातारे मेस्त्री, होड्यांची कामं केलेले, म्हणाले, "काजूच्या टरफलाचं तेल लावा, पन्नास वर्षं बघायला नको." त्यांचं अनुभवाचं बोलणं होतं. होडीला ते तेल लावतात, आणि वाळवीलाही ते दूर ठेवतं. पण रंग काळपट तपकिरी, आणि लावताना कातडीला लागलं तर फोड येतात. मालकांना सागाचे रेषे बघायचे होते, काळं दार नको होतं. मालकांच्या भावाने फोनवरून सुचवलं की टेबलावर ओततात ते इपॉक्सी रेझिन ओता. ते तर उन्हात पिवळं पडून पिठासारखं सुटतं. बेल तेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, हा सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय. ते आत मुरतं, सोलत नाही, पुन्हा लावणं सोपं. पण ते बुरशीचं खाद्य आहे, आणि समुद्रकाठच्या चार महिन्यांच्या पावसात त्यावर काळे ठिपके उठतात. पुण्याच्या कोरड्या हवेत मी ते आनंदाने लावतो, दापोलीत नाही. स्पार व्हार्निशचाही विचार केला. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी बनलेलं, तेलाचं प्रमाण जास्त म्हणून लवचिक, लाकडाबरोबर हलतं. माल उत्तम, पण अशा उन्हात दरवर्षी घासून नवा हात मागतो. शनिवार-रविवारी येणाऱ्या घरात ते कोण करणार?

शेवटी ठरलं ते असं. बाहेरच्या बाजूला जाड थर द्यायचाच नाही. लोखंडाच्या ऑक्साइडचा, सागवानी छटेचा, आत मुरणारा पातळ स्टेन. हा सोलत नाही, झिजतो. झिजला की हलका काचपेपर फिरवून वर दुसरा हात, सगळं खरवडायची गरज नाही. मालकांनी विचारलं, "आणि चमक?" म्हटलं, चमक आतल्या बाजूला आहे की, तिला हात लावत नाही.

दार बिजागऱ्यांवरून उतरवून घरामागच्या सावलीत लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं. हीट गन आणि पटाशीने पापुद्रे काढले. मग ८० नंबरचा, म्हणजे खरखरीत काचपेपर, आणि इथे मी पॉलिशवाल्याच्या शेजारी बसून राहिलो. राखाडी थर गेला की माणूस थांबतो, पण त्याखाली अजून मेलेलं लाकूड असतं. घासून येणारी पूड राखाडी आहे तोवर घासायचं, ती पिवळट तपकिरी यायला लागली की सागाचा ओळखीचा वास येतो आणि मगच थांबायचं. पुढे त्याहून बारीक १२० आणि १८०, त्यापुढे नाही. त्याहून गुळगुळीत केलं तर स्टेन आत शिरत नाही. सागात स्वतःचं तेल असतं, ते तेलकट मालाला लवकर वाळू देत नाही, म्हणून पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतलं. खालच्या कडेला स्टेन पीत होता तोवर पाजत राहिलो. मेस्त्री शेजारी बसून हे सगळं बघत होते आणि अधूनमधून काजूच्या तेलाची आठवण करून देत होते.

अंगणात सागाचा बाकही होता, पार उन्हापावसात. मालकांना तोही याच हातासरशी उरकून हवा होता. मी नको म्हटलं. गाभ्याचा साग आहे, बुडाला पाणी साचत नाही, त्याला काही लावू नका. राखाडी होईल, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर मऊ ब्रशने धुवा. उघड्यावरचं लाकूड झिजतं किती, तर नरम लाकूडसुद्धा शंभर वर्षांत सहा-एक मिलिमीटर, साग त्याहून कमी. बाकाला पॉलिश करणं हा पैशांचा आणि पॉलिशवाल्याच्या रविवारचा नास आहे. आपल्याकडे राखाडी लाकूड म्हणजे दुर्लक्षलेलं असं लोक धरून चालतात, त्याला माझा इलाज नाही.

सगळ्यात जास्त घासाघीस झाली ती छज्जावरून. मी म्हटलं, स्टेनवर जेवढा खर्च कराल त्याहून जास्त उपयोग चार फुटांच्या कौलारू छपरीचा होईल. पाटीमागचा चौकोन त्यांनी स्वतः पाहिला होता, तरी समुद्र दिसणार नाही यावर ते अडून बसले. मग मी त्यांना दारात उभं केलं आणि हाताने उंची दाखवली. छपरी डोक्याच्या वरून जाणार होती, समुद्र तर समोर होता. तेव्हा कुठे सुताराला माप घ्यायला सांगितलं.

पैशांचं असं ठरलं. मजुरी पॉलिशवाल्याची, कारण खालची कड त्याची. माल आणि छपरी मालकांची, कारण "नॅचरल ग्लॉसी" त्यांचं. सुताराला कोणी काही मागितलं नाही, आणि त्याने मात्र छपरीचा भाव रोख सांगितला. पॉलिशवाल्याच्या कोटेशनमध्ये आता एक नवी ओळ असते, "बाहेरच्या बाजूस दर दोन वर्षांनी एक हात, खर्च मालकाचा." ती वाचून निम्मी गिऱ्हाइकं वाद घालतात, असं तो परवा फोनवर सांगत होता. त्यातली काही मग माझा नंबर मागतात.