मान्सून अंदमानात दाखल होण्याआधी

दर मे महिन्यात मराठी वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते : 'मान्सून अंदमानात दाखल'. ती वाचून शेतकऱ्याला हायसं वाटतं, मुंबईकर छत्र्या शोधायला लागतात आणि मेच्या शेवटच्या आठवड्याचं अंदमानचं पॅकेज घेऊन बसलेले लोक कपाळाला हात लावतात. २०२४ मध्ये ही बातमी १९ मेला आली, २०२५ मध्ये तर १३ मेलाच. तरी सहलींच्या पत्रकांवर 'सीझन : ऑक्टोबर ते मे' असंच छापलेलं असतं. त्यातले पहिले दोन-अडीच महिने आणि शेवटचे दोन आठवडे भरवशाचे नाहीत, हे तिकीट काढेपर्यंत कोणी सांगत नाही.

आम्ही गेलो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. बरोबर आई-बाबा होते. दोघंही सत्तरीच्या पुढचे, त्यात आईला बोट लागते. त्यामुळे तारखा ठरवताना हॉटेलच्या आधी हवेचा अभ्यास केला आणि तो कामी आला.

आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. अंदमानला तो जवळजवळ आठ महिने पुरवून पुरवून पडतो. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर. मेच्या मध्यापासून नैऋत्य मान्सून, तो ओसरतोय म्हणेपर्यंत ऑक्टोबरपासून ईशान्येकडून येणारा परतीचा पाऊस, आणि याच दरम्यान बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे. डिसेंबरपर्यंत हे चालू असतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये 'लेहर' चक्रीवादळ अंदमानवरूनच पुढे गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये, जे पुढे 'वरदा' झालं, त्या वादळामुळे हजारावर पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकून पडले होते. जानेवारीही अगदी निर्धोक नाही. २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात 'पाबुक' थायलंडच्या आखातातून थेट अंदमानच्या समुद्रात आलं होतं. पण असं क्वचितच. एकूण हिशेबात जानेवारी ते एप्रिल हे कोरडे महिने, त्यातही फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध सगळ्यात उत्तम.

आता गंमत बघा. आपल्याला सुट्ट्या मिळतात दिवाळीत, नाताळात आणि मेमध्ये. म्हणजे एकदा परतीच्या पावसात, एकदा गर्दीत आणि एकदा मान्सूनच्या तोंडावर.

माझी नणंद दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आली होती. पाऊस दिवसभर नव्हता, पण रोज होता. दुपारी धो धो, मग ऊन, मग पुन्हा. त्याचं तिला काही वाटलं नाही. जड गेलं ते हे की समुद्र खवळला म्हणून दोन बेटांमधली फेरीबोट रद्द झाली, पुढचं हॉटेल बुडालं आणि परतीचं विमान गाठताना तोंडचं पाणी पळालं. मुलांना जे कोरल दाखवायला नेलं होतं, ते गढूळ पाण्यात दिसलंच नाही. हिरवं रान मात्र तिनं पाहिलं तसं आम्हाला मिळालं नाही, हेही खरं. फेब्रुवारीत काही झाडं पानगळीला आलेली असतात.

नाताळाच्या आठवड्यात हवा बरी असते, पण विमानाचे भाव बघूनच जीव दडपतो. शाळकरी मुलं असतील त्यांच्यासाठी माझा कौल एप्रिलचा तिसरा आठवडा ते मेचा पहिला आठवडा. परीक्षा आटोपलेल्या असतात, उकाडा मुंबईसारखाच चिकट असतो, पण समुद्र शांत आणि पाणी नितळ. एकच तोटा : या दिवसांत पाणी तापतं आणि फार तापलं तर कोरल पांढरं पडतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं. दहावी-बारावीचं घरात कोणी नसेल आणि मुलं लहान असतील, तर २६ जानेवारीला जोडून रजा टाका.

वाऱ्याची दिशाही बघून ठेवावी. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे बेटांचे पूर्वेकडचे किनारे जरा खळबळतात आणि पश्चिमेकडचे निवांत असतात. पावसाळ्यात नेमकं उलटं. स्वराज द्वीपवर (जुनं हॅवलॉक, २०१८ मध्ये नाव बदललं) राधानगर पश्चिमेला आहे, विजयनगर आणि कालापत्थर पूर्वेला. आम्ही विजयनगरला उतरलो होतो. सकाळी खोलीसमोर पाण्यावर बारीक लाटांची खरखर, आणि संध्याकाळी राधानगरला तेच पाणी गुळगुळीत. बाबा, जे कोकणातही कधी गुडघ्याच्या पुढे पाण्यात जात नाहीत, ते तिथं छातीभर पाण्यात अर्धा तास उभे होते. फक्त टोकाला खाडीच्या बाजूला जाऊ नका. २०१० मध्ये याच भागात मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला. त्यानंतर पाण्यात जाळी लावली आहे, पाट्याही आहेत. जाळीच्या आत राहा, जीवरक्षकानं शिट्टी मारली की बाहेर या, हुज्जत घालू नका.

फेरीबद्दल थोडं सविस्तर, कारण ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांना हीच धास्ती असते. खासगी बोटी बंदिस्त, वातानुकूलित असतात. डेकवर वाऱ्यात उभं राहून क्षितिजाकडे बघत बसायची सोय बहुतेक बोटींत नसते, त्यामुळे बोट लागणाऱ्याचे हाल होतात. निघायच्या आधी एव्होमिनची गोळी, वर आलेपाक, पोटात फक्त दोन इडल्या आणि बसायला मधल्या रांगेतली, मागच्या बाजूची जागा असा बेत केला. पुढची जागा टाळा, बोटीचं नाक सगळ्यात जास्त आपटतं. प्रत्यक्षात समुद्र परातीत ओतलेल्या पाण्यासारखा सपाट निघाला आणि आई पूर्ण प्रवास शेजारच्या नागपूरच्या काकूंशी लोणच्यांवर बोलत बसली. हाच प्रवास तिला नोव्हेंबरात झेपला नसता. सरकारी बोटी स्वस्त असतात, त्यांना वेळ जास्त लागतो आणि तिकिटांसाठी धडपडावं लागतं. विमान नक्की झालं की दुसरं काम फेरीचं तिकीट, हॉटेल तिसरं.

आणखी एक, कुठल्याही मोसमात : बेटं आधी उरकून घ्या आणि परतीच्या आदल्या दिवशी मुक्काम पोर्ट ब्लेअरला ठेवा. (सप्टेंबर २०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात.) समुद्र बिघडला तर हाच एक दिवस तुम्हाला वाचवतो. स्कूबा करणार असाल तर तो विमानाच्या आदल्या दिवशी नको. मध्ये निदान २४ तास जाऊ द्यावेत, तो बेटांवरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच करावा.

महिना ठरला की तिथी बघा. हे कोणत्याही पत्रकात नसतं. नील, म्हणजे शहीद द्वीप, इथं लक्ष्मणपूरच्या एका टोकाला दगडाची नैसर्गिक कमान आहे. ती भरतीत बघायची म्हटलं तर लांबूनच. तिच्याखाली जायचं तर ओहोटीच हवी. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी खूप मागे हटतं. मात्र मुंबईचा 'तिथीची पाऊणपट' हा भरतीचा हिशेब तिथं लावू नका, वेळा वेगळ्या आहेत. स्थानिक तक्ता बघा किंवा हॉटेलात विचारा.

आम्ही पौर्णिमेच्या जवळपास गेलो होतो आणि ओहोटी अगदी तळाला असताना पोहोचलो. मेलेल्या कोरलच्या खडबडीत खडकांवरून चालावं लागतं, स्लीपर घालून आलेले दोघं-तिघं आमच्यादेखत घसरले. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स हवेत. किनाऱ्यावरचा एक मुलगा वाटाड्या म्हणून घेतला. त्यानं एका डबक्यात वाकून काळी, वीतभर लांब समुद्रकाकडी दाखवली, बोटानं हलकेच टेकलं तर ती आकसली. पुढच्या डबक्यात दगडाच्या सांदीत निळ्या ओठांची शिंपली, सावली पडली की गपकन मिटायची. आईनं तीन-चार वेळा हात हलवून तिला मिटायला लावलं. या एका तासासाठी मी नीलवर मुक्काम करायला सांगेन. बहुतेक लोक सकाळी उतरून दुपारी परत जातात, आणि त्या वेळात ओहोटी असेलच असं नाही. शिवाय गाव छान आहे : सीतापूर, भरतपूर, रामनगर अशी नावं, पूर्व बंगालातून येऊन वसलेली कुटुंबं, घरामागे भाजीचे मळे. जेवण बंगाली वळणाचं. शाकाहारींचे हाल होत नाहीत.

स्वराज द्वीपवरच्या एलिफंट बीचला सकाळची पहिली बोट पकडा. नंतर गर्दी होते आणि तळाची वाळू ढवळली जाते. फेब्रुवारीत पाणी इतकं स्वच्छ होतं की पोहता न येणाऱ्या बाबांनीही ट्यूबला धरून, तोंड पाण्यात घालून मासे पाहिले.

सेल्युलर जेलबद्दल मराठी माणसाला मी काय सांगणार? सात बाजूंपैकी तीनच आता उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला. १९११ ते १९२१ ते इथं होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. पायऱ्या चढायच्या, अंगणात सावली कमी, त्यामुळे फेब्रुवारीतही सकाळी लवकर किंवा दुपारनंतरच जा. ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर होतो. दिवाळीत गेलेल्या नणंदेला तो छत्रीखाली बघावा लागला होता, आमच्या वेळी आकाश निरभ्र होतं.

घड्याळाचंही गणित वेगळं. वेळ आपलीच, पण बेटं इतकी पूर्वेला की फेब्रुवारीत साडेपाचच्या आत सूर्यास्त होतो, डिसेंबरच्या सुरुवातीला तर पाचच्याही आधी. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर चारला पोहोचलेलं बरं. आणि पहाटे पाचलाच फटफटतं, तेव्हा लवकर उठणाऱ्यांची चंगळ.

बारातांग बेटावर आम्ही गेलो नाही आणि त्याची रुखरुखही नाही. मध्यरात्रीनंतर उठून जिरकाटांगच्या चौकीवर रांग लावायची, मग गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. चुन्याच्या गुहा चांगल्या असतील, पण बरेच लोक 'आदिवासी दिसतात का' म्हणून काचेला नाक लावून बसतात, ते मला बघवत नाही. जाणार असाल तर वाटेत फोटो काढणं, थांबणं, खायला देणं हे सगळं गुन्हा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

किरकोळ पण उपयोगी : आधार कार्ड सगळीकडे हाताशी, फेरीलाही दाखवावं लागतं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट बरं झालं आहे, तरी बेटांवर थोडी रोकड असू द्या. टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि संध्याकाळच्या वाळूतल्या बारीक माश्यांसाठी ओडोमॉस. त्या चावल्या की दोन दिवस खाज जात नाही. किनाऱ्यावरचे शंख, कोरलचे तुकडे खिशात घालू नका, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात आणि वर कारवाई होऊ शकते. शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर 'सागरिका' या सरकारी दुकानातून घ्या आणि बिल सामानात वरच ठेवा.