तुम्ही विचारलंत म्हणून: विंचवाला बीपीची गोळी कशाला?

"सर, पोराला इच्चू चावला अन् डॉक्टरनं बीपीची गोळी लिहून देली. बीपी तर मव्ह्या सासूला हाय. चिठ्ठी बदलली का काय?"

एकतीस वर्षं मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात औषधाच्या खिडकीमागं बसलो. आमच्याकडं बालाघाटाचा डोंगर, दगडाच्या ताली, कडब्याच्या गंजी, गोवऱ्यांचे उडवे, म्हणजे विंचवाला लागतं ते सगळं. पाकिटावरचं नाव वाचून कुणी तरी शिकलेला भाचा बोलायचाच, "मामा, ही तर बीपीची गोळी." मागं रांग असायची, मी म्हणायचो, "विंचवानं बीपीच वाढतो." उत्तर खरं होतं, पण अर्धं. आता रिटायर झालोय, रांग नाही, उरलेलं निवांत सांगतो.

गोळीचं नाव प्राझोसिन. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. दार मिटेना म्हटल्यावर तंतू थांबत नाहीत, निरोपावर निरोप धाडत सुटतात. त्या निरोपांनी अंगातलं अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन हे धोक्याच्या वेळी सुटणारे रस पाट फुटावा तसे रक्तात येतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो. आवळलेल्या नळ्यांत रक्त रेटून रेटून हृदय थकतं, फुप्फुसात पाणी उतरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

मी चौथीत होतो तेव्हा माझा चुलतभाऊ असाच गेला. बैलांना टाकायला कडब्याची पेंढी ओढली आणि बोटाला डंख बसला. काकूनं चिंचोका उगाळून चिकटवला, खालच्या आळीचा मांत्रिक आला, लिंबाचा पाला झाडला. माझ्या हातात त्याचा हात होता. उन्हाळ्याची रात्र, सगळे घामाघूम, आणि तो हात माठासारखा गार. पहाटे गेला. "इख चढलं," म्हणाले सगळे. पुढं डी. फार्मसीला पुस्तक वाचताना कळलं की विषानं फक्त कुलूप काढलं होतं. त्याला नेलं ते त्याच्याच अंगातल्या रसानं.

त्या रसाची गोष्ट १८५६ सालच्या पॅरिसात सुरू होते. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्या गाभ्यावर वुल्पियाँ या डॉक्टरांनी लोहाचा क्षार टाकला तर तो हिरवा झाला, आयोडिन टाकलं तर गुलाबी. ग्रंथीतून निघणाऱ्या रक्तालाही तोच रंग चढला, म्हणजे काही तरी रक्तात उतरत होतं. हे वाचून मी हसलो होतो. अ‍ॅड्रेनालिनचा अ‍ॅम्प्यूल आम्ही उजेडाकडं धरून बघायचो, पाणी गुलाबी दिसलं की फेकून द्यायचं, औषध हवेनं बिघडलं. फ्रेंच डॉक्टरचा गुलाबी आणि आमच्या खिडकीतला गुलाबी तसे चुलतभाऊच.

पुढचा माणूस मला सगळ्यात आवडतो. जॉर्ज ऑलिव्हर, इंग्लंडातल्या हॅरोगेट गावचे डॉक्टर. मनगटाच्या नाडीची जाडी मोजायचं यंत्र त्यांनी स्वतःच तयार केलं, आणि कसायाकडून आणलेल्या ग्रंथीचा अर्क, असं सांगतात, घरातल्याच पोरावर करून पाहिला. आजच्या नियमांत बसवलं तर आधी बापालाच आत टाकतील. मग खिशात बाटली घालून ते लंडनला प्राध्यापक शेफरांकडं गेले. शेफर कुत्र्याचा रक्तदाब मोजत होते आणि या खेडवळ डॉक्टरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी प्रयोग संपल्यावर थोडा अर्क टोचला. नळीतला पारा चढत चढत पार टोकाला गेला. १८९४ मध्ये दोघांनी ते जाहीर केलं. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ताकामिने आणि त्यांचे मदतनीस उएनाका या जपान्यांनी त्या अर्कातून शुद्ध स्फटिक काढले आणि बाटलीवर अ‍ॅड्रेनालिन हे नाव चढलं.

पण आपल्या गोळीचं मूळ एका फसलेल्या तपासणीत आहे. हेन्री डेल लंडनमध्ये अरगट या बुरशीवर काम करत होते. बाजरीच्या कणसाला अरगट लागतो तो आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. त्यांचा राय या धान्यावरचा. आधी अरगट दिलेल्या मांजराला त्यांनी तपासायला आलेला ग्रंथीचा अर्क टोचला. दाब चढायच्या ऐवजी उतरला! डेलनी नमुनाच खराब ठरवला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं तेव्हा डोक्यात उजेड पडला. १९०६ मध्ये त्यांनी लिहिलं: अरगट अ‍ॅड्रेनालिनची आवळणारी बाजू तेवढी दाबतो, सैल करणारी तशीच राहते. म्हणजे किल्ली एक आणि कुलपं दोन असावीत. कुलपांना नावं मिळायला मात्र १९४८ उजाडलं. अमेरिकेत अल्क्विस्ट यांनी आल्फा आणि बीटा अशी वाटणी केली, तर पहिल्या नियतकालिकानं लेख साभार परत पाठवला. नॉरअ‍ॅड्रेनालिनही असंच ताटकळलं. तंतूंचा खरा निरोप्या अ‍ॅड्रेनालिन नसून तेच आहे, हे स्वीडनच्या फॉन ऑयलरनी १९४६ ला दाखवलं.

मग जेम्स ब्लॅकनी बीटाच्या कुलपात अडकणारं प्रोप्रॅनोलॉल काढलं. प्राझोसिन अडकतं आल्फात, म्हणजे आवळणाऱ्या कुलपात, आणि नळ्या सैल होतात. म्हणून सांगतो, घरात सासूची बीपीची कुठलीही गोळी आहे म्हणून विंचवाला देऊ नका. बीटाची गोळी गेली तर नळ्या आवळलेल्याच राहतात आणि थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोरही जातो.

मधेच डोपामिनचं, कारण हल्ली पोरं तेच विचारतात, मोबाइल बघून. याच घराण्यातलं ते. १९१० ला लंडनमध्ये बनवलं, आणि अंगात अ‍ॅड्रेनालिन तयार होताना लागणारी एक पायरी, एवढीच पुढं कित्येक वर्षं त्याची किंमत. १९५७ मध्ये कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं आपल्या सर्पगंधेतून निघणारं रेझर्पिन सशांना दिलं. ससे कान पाडून गपगार. मग एल-डोपा, म्हणजे अंगात ज्याचं डोपामिन होतं ते, टोचल्यावर उठून हिंडायला लागले. सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ लाच छापलं होतं. आणि एल-डोपा? आपल्या बांधावरच्या खाजकुयलीच्या बियांतून ते मद्रासच्या दोघांनी १९३७ मध्येच काढून दाखवलं होतं. कंपवाताच्या रुग्णांना आज तेच देतात. एवढं सांगेपर्यंत पोरगं परत मोबाइलमध्ये असतं, ते सोडा.

आल्फाची गोळी विंचवाच्या दंशावर वापरावी हे मात्र लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये कुणाला सुचलं नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या बाजूला नोकरीला गेले आणि लाल विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले. घाम, उलटी, गार हातपाय ही पुढच्या धोक्याची खूण आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं. १९८६ ला तिथंच प्राझोसिन. पूर्वी अशा दंशांत शंभरातले चाळीसपर्यंत दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. माझ्या खिडकीत ती पट्टी आली तेव्हा मी किंमत पाहिली होती. चहाच्या पैशांत बसणारी गोळी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परवा शेजारच्या वस्तीवरची एक आजी घरी आली होती. हे सगळं तिला सांगितलं, लाल आणि काळ्यातला फरकही सांगितला: मोठ्या काळ्या इंगळीला सगळे भितात, पण घात करतो तो बारका लाल. शेवटी तिनं विचारलं, "मंग चिंचोका लावायचाच नाही व्हय?"

"लावा की," म्हटलं, "पण गाडीत बसल्यावर."