केंद्रापासून १७ किलोमीटर

दुपारी हॉटेल शोधायला बसलो. चेक-इनची तारीख भरली, चेक-आउटची चौकट तूर्त तशीच सोडली. दोन्ही तारखा भरल्याशिवाय दर दिसणार नाहीत, अशी सूचना आली. म्हटलं, नकोत दिसायला. यादी तर दिसतेय ना. प्रत्येक नावाखाली बारीक राखाडी अक्षरांत एक ओळ होती. केंद्रापासून २ किमी. केंद्रापासून ९ किमी. केंद्रापासून १७ किमी.

ही ओळ मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. आज पहिल्यांदाच मनात आलं, केंद्र म्हणजे नेमकं कुणाचं?

लंडनपासूनची अंतरं चॅरिंग क्रॉसजवळच्या पहिल्या चार्ल्सच्या अश्वारूढ पुतळ्यापासून मोजतात. पॅरिसमध्ये नोत्र दामसमोरच्या फरसबंदीत त्यासाठी एक धातूची चकती बसवलीय. माद्रिदचा शून्य किलोमीटर पुएर्ता देल सोल चौकातल्या एका फरशीवर आहे, तर टोकियोचा निहोनबाशी पुलावर. म्हणजे पुतळ्याला किंवा पुलाला भेटायला निघालेल्या माणसाला ही ओळ फार उपयोगाची. माझं आजवर कुठल्याच पुतळ्याकडे काम निघालेलं नाही. तरी आकडा दोनअंकी दिसला की बोट आपोआप पुढे सरकतं, आणि थोड्या वेळानं दर आठवून मुकाट्यानं मागे येतं.

आमच्या बाबांचं बोट कधी मागे येत नसे, कारण ते सुरुवातच टोकाकडून करायचे. शहर बघायला जायचं असतं, झोपायला नव्हे, असा त्यांचा सिद्धांत. झोप काय, कुठेही सारखीच लागते. त्यामुळे मोठ्या शहरात आमचा मुक्काम कायम शहर संपल्यानंतर दोन-तीन स्टेशनांवर. निघायच्या आधी आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन ते रेल्वेचा नकाशा जमिनीवर पसरायचे. दोऱ्याचं एक टोक लॉजच्या स्टेशनावर अंगठ्यानं दाबायचं, वळणावळणांनी दोरा मधल्या स्टेशनापर्यंत न्यायचा, मग तो उचलून ताणून आईला दाखवायचा. "हे बघ. वीतभरसुद्धा नाही."

आई काही बोलायची नाही. फक्त दोरा परत रिळाला गुंडाळायची.

पुढे कधीतरी कळलं की त्यात बाबांची चूक नव्हती, कागदच लबाड होता. हॅरी बेक नावाच्या एका ड्राफ्ट्समननं १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा नवा नकाशा काढला आणि १९३३ मध्ये तो लोकांच्या हातात आला. सरळ रेघा, ठरावीक कोनातली वळणं. मधली दाटी सुटसुटीत दिसावी म्हणून त्यानं मधला भाग पसरवला आणि बाहेरची लांब लांब स्टेशनं आत ओढून घेतली. युक्ती इतकी सोयीची की जगभरच्या रेल्वेंनी ती उचलली. अशा नकाशावर उपनगर म्हणजे हाताच्या अंतरावर. दोरा बिचारा इमानदार होता.

त्या वीतभर अंतराची एक रात्र अजून आठवते. शेवटची गाडी आम्हाला अक्षरशः दरवाजा मिटता मिटता मिळाली. डबा जवळजवळ रिकामा, दिवे नको इतके पांढरे. बाबांनी नवे बूट काढून मांडीवर घेतले होते, टाचेला फोड आलेला. आई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली, पण झोपलेली नव्हती, हातातली पिशवी तिनं घट्ट धरली होती. आणि ताई दारावरच्या पट्टीकडे बघत स्टेशनं मोजत होती. मोठ्यानं. "अजून अकरा." गाडी थांबायची, कुणी चढायचं नाही, कुणी उतरायचं नाही. "अजून दहा." मी रडवेला झालो की ती एखादं स्टेशन मधलंच गाळायची. "अजून आठ." मला ते कळायचं. पण बरं वाटायचं.

लंडनमध्ये २०१६ पासून काही मार्गांवर शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर गाड्या धावतात. अशा बातम्या मी फार मन लावून वाचतो.

इतकं होऊनही मी निघालो बाबांवरच. शहराच्या मधोमधच्या हॉटेलात मला उगाचच पाहुण्यासारखं वाटतं. उपनगरात उतरलं की संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या लोंढ्यातून आपणही परतायचं, त्यांच्यासारखाच कंटाळलेला चेहरा करायचा, कुठल्या दारानं उतरलं की जिना समोर येतो ते दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ करायचं. एकदा एका बाईंनी मला अमुक गल्ली कुठे म्हणून विचारलं. मी दोन दिवसांचा रहिवासी. हात वर करून, "पुढे जाऊन डावीकडे," असं ठोकून दिलं. त्या गेल्या. त्यांना ती गल्ली मिळाली की नाही, देव जाणे.

हॉटेलवाल्यांची भाषाही आता सरावानं कळते. 'शांत परिसर' म्हणजे आठनंतर चिटपाखरू नाही. 'महामार्गालगत' म्हणजे खिडकी उघडू नका. 'विमानतळ जवळ' म्हणजे विमानतळ सोडून सगळं लांब. कचेऱ्यांच्या वस्तीतली हॉटेलं शनिवार-रविवारी कामाची माणसं घरी गेली की एकदम नरम होतात, मोठ्या खोल्या निम्म्या मिनतवारीनं मिळतात. मात्र तिथे रविवारी खाली उतरलं की रस्त्यावर आपण आणि एक सिग्नल. तो आपल्या एकट्यासाठी लाल होतो.

'स्टेशनपासून पाच मिनिटं' हा तर वेगळाच वाङ्मयप्रकार. कुणाची पाच मिनिटं? बॅग ओढत निघालेल्याची की विमानातून काढलेली? जपानमध्ये घरांच्या जाहिरातींपुरता याचा नियमच आहे : ८० मीटर म्हणजे एक मिनिट, आणि अपुरं मिनिट असेल तर ते पूर्ण धरायचं. सिग्नलवर थांबणं मात्र त्यात नाही. म्हणजे तिथेही शेवटी थोडं पदरचं घालावं लागतंच.

माझा स्वतःचा नियम अर्ध्या तासाचा. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस, मग तो पायी जाणारा असो की गाडीनं, दिवसाचा साधारण एक तास जाण्यायेण्यात घालवतो. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. पायी चालणाऱ्यांची जुनी शहरं म्हणून पाचेक किलोमीटरांत आटपायची. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. त्यापुढे गेलं की स्वस्तात मिळालेली खोली वसुली सुरू करते. ही वाढीव वसुली मी बरेचदा भरलीय, आणि घरी आल्यावर कुणाला सांगितलेली नाही.

तर आजची यादी. मी खाली खाली सरकत थेट १७ किलोमीटरवाल्या हॉटेलापाशी थांबलो. फोटोत एक पलंग, एक खिडकी, खिडकीत दुसऱ्या इमारतीची भिंत. अभिप्राय वाचले नाहीत. ताई ज्या हॉस्पिटलात आहे ते याच उपनगरात, आणि नकाशावर, खऱ्या नकाशावर, हॉटेलच्या दारापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत चालत चार मिनिटं. मध्ये एक सिग्नल.

सकाळी फोनवर तिला म्हटलं, राहायचं बघतोय. तिचा आवाज खोल गेलेला. "दोरा काढला असशील," म्हणाली, आणि हसायला गेली तर खोकला आला. मग भाऊजींनी फोन घेतला.

हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनवर एक तरुण मुलगी होती. रात्री कितीही वाजता बाहेर पडता येईल का, दार बंद तर नसतं ना, हे दोनदा विचारलं. नसतं म्हणाली, दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे. नाव सांगितलं, नंबर सांगितला. येणार कधी, तेही.

"आणि चेक-आउट, सर?"

तारीख नक्की झाली की सांगतो, म्हटलं.

"साधारण कधी कळेल?" तिनं सहजच विचारलं.