सापाला केवढा उंदीर द्यायचा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मी इंग्लंडमध्ये राहते आणि घरात दोन साप आहेत हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न भीतीचा असतो आणि दुसरा हमखास खाण्याचा. काय खातो, केवढं खातो, किती दिवसांनी खातो, आणि एवढ्याशा उंदरावर त्याचं पोट कसं भरतं? फोनवर मावशी विचारते, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारे विचारतात, आणि हल्ली ज्यांनी स्वतः नवीन साप घेतलाय असेही बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एक रॉयल पायथन आहे, यालाच अमेरिकेत आणि भारतातही बॉल पायथन म्हणतात, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. ही मादी आहे, पूर्ण वाढलेली, दीड किलोच्या थोडी वर, तिचं नाव गोधडी. दुसरा कॉर्न स्नेक, अमेरिकेच्या आग्नेय भागातला, सडपातळ, केशरी, म्हणून केशर. दोघांचं खाणं वेगळं, आणि ते का वेगळं हे कळलं की बाकीचं गणित आपोआप सुटायला लागतं.

आधी मापाचं सांगते. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग बघायचा, आणि उंदीर साधारण तेवढ्याच जाडीचा घ्यायचा. कॉर्न स्नेकला थोडा जास्त, म्हणजे दीडपटीच्या आत, चालतो. डोक्याकडे बघून माप काढू नका, कारण डोकं नेहमीच लहान दिसतं आणि लोक घाबरून फारच बारीक उंदीर देत राहतात. सापाचा जबडा गिळताना निखळतो असं जे सांगतात तसं काही होत नाही हो, खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे एकमेकांना हाडाने जोडलेलेच नसतात, ताणल्या जाणाऱ्या लवचिक अस्थिबंधाने जोडलेले असतात, त्यामुळे एकेक बाजू आळीपाळीने पुढे सरकवत तो घास आत ओढत जातो. खाऊन झाल्यावर पोटाशी हलकासा फुगवटा दिसला आणि एकदोन दिवसांत तो ओसरला की माप बरोबर. फुगवटा अजिबातच दिसला नाही तर पुढच्या वेळी एक नंबर वरचा घ्यायचा, आणि कातडी ताणून खवल्यांमधली फट लांबूनसुद्धा दिसायला लागली तर उंदीर मोठा झाला.

इथे दुकानात फ्रोझन उंदीर मापाप्रमाणे पाकिटात मिळतात. पिंकी म्हणजे नुकतं जन्मलेलं, केस नसलेलं पिल्लू, दोनेक ग्रॅमचं. मग लव आलेलं फझी, मग उड्या मारायला लागलेलं हॉपर, मग आईचं दूध सुटलेलं वीनर, मग पूर्ण वाढलेला माऊस, तो साधारण २० ते ३० ग्रॅम. रॅट ही मोठी जात, त्याच्याही अशाच पायऱ्या, पप म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पिल्लापासून ते शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुढच्यापर्यंत. पाकिटावरच्या नावावर फार विसंबू नका, एका दुकानाचा स्मॉल दुसऱ्याचा मीडियम असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो ना, तसा एक वेगळा घेऊन ठेवा आणि उंदीर वजन करून द्या, सापही वजन करा.

वजनाचा हिशोब असा. रॉयल पायथनचं पिल्लू असेल तर त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, साधारण आठवड्याने एकदा. म्हणजे ६० ग्रॅमचं पिल्लू असेल तर ६ ते ९ ग्रॅमचा घास, एक हॉपर झाला. जसं वाढेल तसे टक्के कमी करायचे आणि दिवस वाढवायचे, अर्ध्या किलोच्या आसपास दहा-बारा दिवस, किलोच्या पुढे दोन-तीन आठवडे, आणि पूर्ण वाढ झाली की ५ टक्क्यांच्या आसपास. गोधडीला मी साधारण ८० ग्रॅमचा एक रॅट देते, तीन ते चार आठवड्यांनी. हो, महिन्यातून एकदाच, हे ऐकून सगळेच थांबतात. कॉर्न स्नेकच्या अगदी नवीन पिल्लाला मात्र हे टक्के लावू नका, ते सहा-सात ग्रॅमचं असतं आणि सगळ्यात लहान पिंकीच दोन ग्रॅमची, तिथे जाडी बघूनच द्यायचं, एक पिंकी पाच-सात दिवसांनी. पिंकीत पाणीच जास्त असतं आणि हाडं अजून कच्ची, त्यामुळे पिल्लाला ती चालून जाते, पण त्याच कारणासाठी मोठ्या सापाला ढीगभर पिंक्या देणं बरोबर नाही, त्याला हाडं असलेला, नीट वाढलेला एक उंदीर पाहिजे. मधल्या काळात योग्य मापाचा नसेल मिळाला तर दोन लहान देऊन एखादा आठवडा निभवा, नेहमीची सवय नको. केशर आता पूर्ण वाढलाय, त्याला एक मोठा माऊस दर बारा-चौदा दिवसांनी.

आता गोधडीला महिना आणि केशरला दोन आठवडे असं का? अजगराच्या जातीतले बरेच साप एका जागी दबा धरून बसणारे, शिकार येईल तेव्हा येईल. मधल्या काळात ते आपलं आतडं जवळजवळ मिटवून ठेवतात, खर्च वाचवायला. १९९० च्या दशकात स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी बर्मीज पायथनवर हे अभ्यासलं, की खाल्ल्यावर दोनेक दिवसांत त्याच्या लहान आतड्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, शरीरातल्या चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो, आणि २००५ मध्ये आलेल्या एका शोधात तर ४८ तासांत हृदय ४० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. जेवण पचवण्यासाठी अख्खा कारखाना चालू करायचा आणि झालं की बंद करायचा, अशी ती रचना आहे. कॉर्न स्नेक हिंडून शोधून खाणारा, तो तुलनेने जास्त वेळा खातो, त्याचं आतडं इतकं चालू-बंद होत नाही. म्हणून रॉयलला कॉर्नच्या वेळापत्रकाने खाऊ घालणं म्हणजे त्या शरीराला उसंतच न देणं.

आणि हा कारखाना चालतो बाहेरच्या उष्णतेवर. सापाला स्वतःची ऊब नाही, म्हणून उंदराचं माप ठरवायच्या आधी तो राहतो त्या काचेच्या टाकीतलं तापमान बघा. रॉयलला उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, कॉर्नला ३० च्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला गार जागा, थर्मोस्टॅट हवाच. थंडीत हीटर बिघडला असेल तर त्या आठवड्यात खायला देऊ नका, एवढंसं सुद्धा नको, कारण पोटातला उंदीर पचायच्या आधी सडतो आणि साप तो बाहेर टाकतो. फार मोठा उंदीर दिला, किंवा खाल्ल्यावर लगेच हातात घेऊन खेळवलं, तरी हेच होतं, म्हणून खाल्ल्यानंतर कमीत कमी ४८ तास हात लावायचा नाही. उलटून टाकलं तर माणूस लगेच कळवळून दुसरा द्यायला जातो, ते अजिबात करू नका. पोटातलं आम्ल आणि बरंच काही त्याबरोबर गेलेलं असतं, दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या मापाचा उंदीर. परत तसंच झालं तर डॉक्टर, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेला डॉक्टर.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपण मराठी माणसं आग्रहाने वाढणारी, पंगतीत पानावरचा हात बाजूला सारून जिलेबी ठेवणारी, आणि समोरचा खातोय म्हणजे भूक आहे असं आपल्याला मनापासून वाटतं. सापाच्या बाबतीत हे चालत नाही. जंगलात पुढचं खाणं कधी मिळेल माहीत नसतं म्हणून समोर आलेलं घ्यायचं, हेच त्याच्या अंगात मुरलेलं आहे. केशर तर मी टाकीजवळ गेले की काचेशी येऊन उभा राहतो, परवाच खाल्लेलं असलं तरी. त्याने घेतला याचा अर्थ त्याला हवा होता असा होत नाही, आणि हे समजून न घेतल्यामुळेच पाळलेले साप उपाशी राहण्यापेक्षा लठ्ठ जास्त होतात. भरभर वाढावा म्हणून पिल्लाला आठवड्यातून दोनदोनदा मोठे उंदीर देणारे लोक आहेत, त्याला पॉवर फीडिंग म्हणतात, मला ते बघवत नाही. साप मोठा दिसतो, फोटो छान येतात, आणि आत यकृतावर चरबी चढत असते, जी बाहेरून दिसत नाही.

अंगाकडे बघायला शिका. चांगल्या रॉयलचं अंग आडव्या छेदात गोलसर त्रिकोणी असतं, पाठीचा कणा बोटाला हलका लागतो पण टोचत नाही. कणा उंच, धारदार दिसला तर बारीक झालाय. कण्याच्या जागी खळगी पडली, वळताना बाजूला वळ्या पडल्या, खाल्लेलं नसतानाही खवल्यांमधून कातडी दिसली तर लठ्ठ. कॉर्नमध्ये शेपटी सुरू होते ती जागा बघा, अंग हळूहळू निमुळतं व्हायला पाहिजे, एकदम जाडावरून बारीक झालं तर चरबी आहे. लठ्ठ सापाला उपाशी ठेवून वाळवू नका, एक माप खालचा उंदीर द्या, मधले दिवस वाढवा, मोठी टाकी आणि चढायला फांद्या द्या. महिने लागतात, लागू देत.

उलट फोनही येतात, की आमचा रॉयल दोन महिने खात नाहीये, आता मरणार. थंडीत आणि विणीच्या हंगामात हे साप महिनोन्महिने उपास करतात, विशेषतः नर. वजन करत राहा, १० टक्क्यांच्या आत घट असेल, डोळे, श्वास, हालचाल नीट असेल, तर पाणी द्या, तापमान तपासा, आणि रोज उंदीर नाचवू नका, दोन आठवड्यांनी एकदा विचारा. डोळे निळसर झाले असतील तर कात टाकायची वेळ आहे, तेव्हाही थांबा.

उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. रॉयलच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे त्याला उंदराचं डोकं ऊबदार, ३८-४० अंशाच्या आसपास लागतं, नाहीतर तो ढुंकूनही बघत नाही. कॉर्न वासावर येतो. लांब चिमट्याने द्या. जिवंत देऊ नका, घाबरलेला रॅट सापाला भयंकर चावतो, आणि त्या उंदराचेही हाल आहेतच.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांना एवढंच, की धामण, नाग, आपला भारतीय अजगर, यातलं काहीही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारखा विदेशी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती आधी. घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सापाला देऊ नका, त्याने कुठे औषध खाल्लेलं असेल सांगता येत नाही. आणि मावशी, दूध नाही, नागपंचमीलासुद्धा नाही, त्याला ते पचत नाही.

नवीन साप आणताना विकणाऱ्याला त्याचं आजचं वजन, शेवटचं कधी खाल्लं, माऊस की रॅट, केवढा आणि फ्रोझन की जिवंत, हे विचारून लिहून घ्या. घरी आणल्यावर आठवडाभर त्याला एकटं सोडा आणि पहिला उंदीर त्याच्या सवयीपेक्षा थोडा लहानच द्या. मग वहीत तारीख, उंदराचं वजन, सापाचं वजन मांडायला सुरुवात करा. सहा महिन्यांनी मला विचाराल तेव्हा ती वही समोर घेऊनच फोन करा, म्हणजे आपल्याला नीट बोलता येईल.