स्वागत झाल्यानंतरचं

"आमच्या गटात नवीन कुणी आलं की सगळे अगदी तुटून पडतात हो. नमस्कार काय, फुलं काय, टाळ्या काय. आणि तो माणूस आठवड्याभरात असा गप्प होतो की पुन्हा तोंड उघडत नाही. आमचं नेमकं बिनसतं कुठे?"

पुस्तकवेड्यांचे ऑनलाइन गट चालवणारी मंडळी मला हा प्रश्न सारखा विचारतात. मीही असा एक गट बरीच वर्षं सांभाळते आहे आणि आमच्याकडे आलेली माणसं बऱ्यापैकी टिकतात, एवढंच माझं भांडवल. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता एकदाचं सगळं लिहून टाकते.

तुमच्या स्वागतात खोट काही नाही, पण ते फार लवकर उरकतं. माणूस आत येतो, "नमस्कार, मी नवीन आहे, वाचनाची आवड आहे" एवढं लिहितो आणि त्या सपक वाक्यावर चाळीस जणांचा वर्षाव होतो. त्या वाक्यात त्याने स्वतःचं काहीच पणाला लावलेलं नसतं, त्यामुळे त्या वर्षावाचं त्यालाही फारसं काही वाटत नाही. पुढचे चार-आठ दिवस तो नुसता वाचत बसतो. इथे कोण कसं बोलतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुठल्या लेखकाचं नाव काढलं की भडका उडतो, हे सगळं टिपून घेतो. मग एके रात्री काहीतरी लिहितो, खोडतो, परत लिहितो आणि शेवटी धीर करून टाकतो: "हे पुस्तक काल संपवलं. सगळे नावाजतात, पण मला त्यातला बाप खोटा वाटला." हे त्याचं पहिलं खरं वाक्य. आणि नेमकं याच वाक्याखाली दोन अंगठे दिसतात. बाकी सामसूम.

माझ्या मते माणूस गटात येतो तो त्या वाक्याला उत्तर मिळतं तेव्हा. तोवर तो उंबऱ्यावर असतो, आत कितीही फुलं उधळलेली असोत. त्यामुळे कुणी मला "आमच्याकडे नवे लोक टिकत नाहीत" म्हणालं की मी एवढंच विचारते: गेल्या महिन्यात आलेल्या माणसांनी पुस्तकाबद्दल लिहिलेली पहिली वाक्यं काढा, आणि त्यांतल्या किती वाक्यांना कुणी धड उत्तर दिलंय ते सांगा. बहुतेकांना शोधायलाही लागत नाही.

सामसूम परवडली, अशीही उत्तरं असतात. "यावर मागे भरपूर बोलून झालंय, शोधून पाहा." "आत्ता वाचलंत?" "हे ठीकच आहे, पण याच लेखकाचं आधीचं वाचा, मग कळेल." "अनुवाद वाचलात ना? मग असं वाटणारच." लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसतं. ज्याने ते पुस्तक तरुणपणी वाचून पचवलंय, त्याला त्याबद्दल काहीतरी जाणकारीचं बोलायचं असतं, इतकंच. पण नव्या माणसाच्या कानावर पडतं ते असं की, इथे रांग आहे आणि तू शेवटी उभा आहेस.

"यावर बोलून झालंय" या उत्तराचा तर मला मनापासून राग आहे. एकदा बोललं की पुस्तक संपत असतं, तर जुन्या पुस्तकांवर आज कुणी चकार शब्द काढला नसता. शिवाय अशा वेळी जुन्या मंडळींच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. गट जुना झाला की त्याची मतं थिजतात. हे पुस्तक थोर, ते फालतू, हा लेखक उत्तरार्धात घसरला, असं सगळं ठरून जातं आणि कुणी ठरवलं ते कुणालाच आठवत नाही. आम्ही सगळे त्या बापाला थोर म्हणतो, कारण पहिल्या वर्षी दोन वजनदार माणसं तसं म्हणाली होती. नव्या माणसाला हे माहीतच नसतं. त्याने पुस्तक एकट्याने वाचलेलं असतं आणि बाप त्याला खोटा वाटलेला असतो. असं वाचन आमच्यापैकी कुणाला आता करता येईल? त्याच्या येण्याने त्याचं भलं होईल तेव्हा होईल, आमचं लगेच होतं. म्हणून त्याच्यावर उपकार केल्याच्या थाटातलं स्वागत मला खपत नाही.

वाचकांनी एकमेकांना शोधणं आणि मग दार अडवणं, या दोन्ही गोष्टी जुन्याच आहेत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापून येत आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता असे. झालं! वाचक संपादकाला सोडून थेट एकमेकांनाच पत्रं धाडायला लागले, त्यातून मंडळं निघाली, हस्तलिखितवजा पत्रिका निघाल्या. पत्ता छापणं ही एवढीशी गोष्ट, पण तिचा अर्थ असा होता की या माणसाला तुम्ही उत्तर देऊ शकता. मला तरी याहून चांगलं स्वागत माहीत नाही.

आणि याच लोकांनी जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन भरवलं, तेव्हा दारात सहा जणांना अडवलं. ते नवखे नव्हते, प्रतिस्पर्धी मंडळातले होते. राजकारणही होतं, जुनी भांडणंही होती. पण बाहेर राहिलेल्यांत फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ आणि डोनाल्ड वोल्हाइम होते. पुढे याच क्षेत्रातले नामवंत लेखक आणि संपादक झाले ते. उत्साही माणसं एकत्र आली की पहिल्याच संमेलनात कुणाला आत घ्यायचं नाही याची यादी तयार होते. तुमच्या-माझ्या गटात ती कागदावर नसते, एवढाच काय तो फरक.

कधी कधी दार अडवायला गमतीचं रूप दिलं जातं. शेरलॉक होम्सच्या अमेरिकी चाहत्यांचं प्रसिद्ध मंडळ १९३४ मध्ये सुरू झालं, ते क्रिस्टोफर मॉर्ली यांच्या पुढाकाराने. त्यांच्या भावाने होम्सवर एक शब्दकोडं रचलं, ते एका साप्ताहिकात छापून आलं आणि ते अचूक सोडवील तो सदस्य होण्यास पात्र, असं ठरलं. कल्पना फक्कड आहे, मीही बसले असते सोडवायला. पण कोड्याने आत येतात ती आधीच सगळं पाठ असलेली माणसं. आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर बायकांना या मंडळाचं सदस्यत्व मिळायला १९९१ उजाडलं, मग कोडी कितीही सोडवता येवोत. आपल्याकडे कोडं नसतं, प्रश्न असतो: "काय काय वाचलंय तुम्ही?" विचारणारा प्रेमाने विचारतो. ऐकणाऱ्याला मात्र ती तोंडी परीक्षा वाटते, आणि तो जे वाचलं नाही त्याचीच नावं मनात मोजायला लागतो.

मग विचारायचं काय? इथे मी सिअ‍ॅटलच्या निवृत्त ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचं बोट धरते. त्या म्हणतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: गोष्ट, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दारं असतात, पण सारख्या आकाराची नसतात, आणि प्रत्येक वाचकाचं आपलं एक लाडकं दार असतं. हे एकदा डोक्यात बसलं की नव्या माणसाशी बोलणं फार सोपं होतं. "काय वाचलंय" विचारायचं नाही. "अलीकडे आवडलेलं एखादं पुस्तक सांगा, त्यात काय आवडलं?" असं विचारायचं आणि गुमान ऐकायचं. "हातातून सुटेना", "रात्री तीनला संपवलं" म्हणणारा गोष्टीच्या दारातून आलाय. "त्यातली आत्या मला अजून आठवते" म्हणणारा पात्रांच्या. "तो वाडा, तो पाऊस" म्हणणारा तिसऱ्या. आणि जो एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठवतो, तो चौथ्या. असे लोक थोडे, पण भेटले की सोडू नयेत.

बाप खोटा वाटला म्हणणारा माणूस उघडच दुसऱ्या दाराचा आहे. त्याला त्याच विषयावरची आणखी पाच पुस्तकं सुचवून काही साधत नाही, आणि आपण नेमकं तेच करतो: युद्धावरचं आवडलं? मग ही घ्या युद्धावरची यादी. त्याला युद्धाशी देणंघेणं नसतं, त्याला त्या शिपायात रस असतो. त्याला माणसं उभी करणारं पुस्तक द्या, मग ते स्वयंपाकघरात घडो की चंद्रावर. आणि कृपा करून "प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत अशी शंभर" छापाची यादी पहिल्या दिवशी कुणाच्या गळ्यात मारू नका. ती पाहून वाचायला बसलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आमच्याकडे यासाठी एक साधी सोय आहे. दर आठवड्याला एका जुन्या सदस्याची पाळी असते. स्वागत करण्याची नव्हे, ते होतच असतं. नव्या माणसाने पुस्तकाबद्दल काही म्हटलं तर त्याला उत्तर मिळतंय ना, हे बघण्याची. कुणीच बोललं नाही तर पाळीवाल्याने बोलायचं. त्या पहिल्या उत्तरात नवं पुस्तक सुचवायचं नाही आणि आपलं मत रेटायचं नाही. त्याच्या वाक्यातलाच एक शब्द उचलून प्रश्न विचारायचा. "खोटा म्हणजे कसा? बोलतो ते खोटं वाटतं, की वागतो ते?" पाळीवाल्याने पुस्तक वाचलेलं नसेल तर तसं सरळ सांगून विचारायचं. उलट त्याचा फायदाच होतो, कारण समोरच्याला समजावून सांगावं लागतं, आणि समजावताना माणूस खुलतो.

यावर हमखास येणारी हरकत मला ठाऊक आहे: रोज नवे येतात, कुणाकुणाला पुरे पडायचं? हरकत रास्त आहे. यूजनेट या ऑनलाइन चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावर दर सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, काही आठवडे गोंधळ घालायचे, जुने लोक त्यांना रीतभात शिकवायचे आणि मग सगळं स्थिरस्थावर व्हायचं. १९९३ नंतर इंटरनेट घरोघर पोहोचायला लागलं, नव्या माणसांचा ओघ थांबेचना, आणि जुने लोक त्याला कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणू लागले. शिकवणारे तेवढेच, येणारे बेसुमार. ही गोष्ट लोक नव्यांना नावं ठेवायला सांगतात. मला त्यातून वेगळंच दिसतं: गेल्या वर्षी आलेल्याला या वर्षी उत्तरं देण्याच्या कामाला लावायचं. आमच्याकडे पाळी सगळ्यात चांगली सांभाळतात ते अलीकडेच रुळलेले लोक. त्यांना आपलं पहिलं वाक्य अजून आठवत असतं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दलही थोडं. नवा माणूस खूपदा चाचरत सांगतो की अमुक थोर ग्रंथ आपल्याला पुरा करता आला नाही. लगेच त्याला चिकाटीचं महत्त्व सांगणारे दोन तरी निघतात. त्यांच्यासाठी मी पुन्हा पर्लबाईंनाच पुढे करते. त्यांचा नियम असा की पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पानं वाचावीत आणि नाही रुचलं तर खुशाल सोडावं. पन्नाशीनंतर शंभरातून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं. मला या हिशेबाने पन्नासाहून कमी पानं पुरतात आणि या सवलतीचा मी सर्रास फायदा घेते. एका जुन्या सदस्याने असं चारचौघांत सांगितलं की नव्यांची जीभ सुटते, आणि "का सोडलंत?" यावरची चर्चा "का आवडलं?" पेक्षा पुष्कळदा रंगते.

शेवट फोडण्याबाबत आमच्याकडे नियम कडक आहे. सान डिएगोच्या विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्याचं दिसलं. आमचे काही सदस्य तेव्हापासून हा अभ्यास परवान्यासारखा मिरवतात. मी त्यांना म्हणते, असेल बाबा, पण ते वाचक प्रयोगाला बसले होते आणि त्या लघुकथा होत्या. सहाशे पानांची कादंबरी घेऊन महिनाभर बसलेल्या माणसाला खुनी कोण ते सांगून पाहा. यूजनेटवर तर रहस्य सांगायचं झालं तर इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून मजकूर लिहायची पद्धत होती. ज्याला वाचायचं त्यानेच उलगडावा. सव्वीस अक्षरांत तेरा बरोब्बर बसतात. आपल्या बाराखडीत हा हिशेब कसा जमवणार, म्हणून आम्ही आपलं वर "शेवट फुटेल" असं ठळक लिहून खाली मोकळी जागा सोडतो.

आणि जे कधीच बोलत नाहीत, त्यांचं काय? त्यांना राहू द्या की. काही माणसं ऐकायलाच येतात आणि वर्षानुवर्षं आनंदाने ऐकतात. त्यांना "तुम्हीही बोला ना" म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नका. माझ्या माहितीतल्या दोन चांगल्या वाचकांनी तेवढ्याच कारणाने गट सोडले. काळजी करायची ती एकदा बोलून गप्प झालेल्यांची.

त्यांच्यासाठी एक काम आजच करता येईल. अनुत्तरित राहिलेली ती जुनी वाक्यं शोधा आणि आता उत्तर द्या. उशीर झाला म्हणून माफीबिफी मागत बसू नका, सरळ पुस्तकावरच प्रश्न विचारा. महिन्याभराने आलेल्या प्रश्नालाही लोक उत्तर देतात, आणि लांबलचक देतात. कारण मधल्या काळात आपलं काही चुकलं की काय या शंकेने त्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचून काढलेलं असतं.